तिसऱ्या गाण्यातले सिंबल

केगाव, उरण
१० नोव्हेंबर २०२४

दिपेश,

तू ग्रुप सोडलास ते मला आवडलं नाही. 'ब्रास अँकर' बँडच्या चाहत्यांचा ग्रुप आहे तो, भांडणं होणारच. मागे जुन्या कव्हरचा निळा रंग नव्या कव्हरवर थोडा हिरवट आला म्हणून दोन माणसं आठवडाभर भांडली आणि मग पुन्हा एकमेकांना गुड मॉर्निंग करायला लागली. तू मात्र सरळ बाहेर पडलास. बाहेर पडण्याआधी एक ओळ तरी लिहायची.

पत्र लिहितोय याचं हसू येऊ देऊ नकोस. इथे रेंजचं काय झालंय कळत नाही, फोनवर सगळी माणसं तोंडात बटाटा ठेवून बोलल्यासारखी बोलतात. तू फोन केलास तेव्हाही तेच. दोन वाक्यं बोललास, मी उत्तर दिलं, आणि तू ठेवून दिलास. काकाशी असं वागायचं नसतं.

आता मुद्द्याचं. त्यांची 'फेरी व्हार्फ' ही तबकडी मी पहिल्या बोटीवर चढायच्या आधी फोर्टातल्या फुटपाथवरून घेतली. मुंबईच्या चार पोरांनी शहात्तर साली इंग्रजीत गायलेली दहा गाणी. बोटीवर इंजिन रूममधून वर आलो की केबिनमध्ये कॅसेटवर तेच लावायचो. रॉटरडॅमला, हॅम्बुर्गला दुकानांतून मोठमोठ्या बँडच्या तबकड्या आणल्या, पण ही सगळ्यांत वर राहिली. तुलाही मांडीवर बसवून तीच ऐकवली. तू सात वर्षांचा होतास. त्यातूनच तू साऊंडच्या धंद्यात गेलास असं तूच सगळ्यांना सांगतोस.

त्यामुळे मूळ टेप सापडली आणि पुण्याच्या कंपनीने रीमिक्सचं काम तुला दिलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. काकीला विचार. पार्सल आलं, मी हात धुऊन तबकडी लावली, आणि तिसऱ्या गाण्यात सिंबल नाहीत! ड्रमवरच्या त्या पितळी झांजा म्हणजे गाण्याचा श्वास, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू असतो. तू बास गिटार पुढे आणलीस, गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ केलास, आणि जागा करायला सिंबल कापलेस. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, "पुतण्या असला तरी सांगतो, दिपेश घरतने गाण्याची मान कापली आहे." शब्द कडक होते. पण गप्प बसलो असतो, तर मला केआर म्हणणारे ग्रुपवाले म्हणाले असते, केआर घरचा म्हणून पांघरूण घालतो.

तुझं म्हणणं काय ते कळव. लिहून.

काळूराम काका


केगाव
२४ नोव्हेंबर

दिपेश,

तुझं उत्तर नाही. तुझी आई मात्र काल अंगणात आली आणि उभ्या उभ्या सांगून गेली की कंपनीने दुसऱ्या खेपेच्या तबकड्या छापायच्या थांबवल्या, आणि बँडचा दुसरा अल्बम तुझ्याकडून काढून घेतला. माझा मेसेज ग्रुपातून फेसबुकवर गेला, तिथून आणखी कुठे कुठे गेला म्हणे. मी फक्त ग्रुपवर टाकला होता. पुढे कोणी पाठवला मला माहीत नाही.

वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. मी विचारलं, "दिपेश काय म्हणतो?" ती काहीतरी बोलली, पाठ फिरवून. काय बोलली ते मी पुन्हा विचारलं नाही.

मी कंपनीला काम काढायला सांगितलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं की सिंबल परत लावा. एका माणसाच्या मेसेजवरून कंपनी एवढी घाबरते म्हणजे त्यांनाही मनातून पटलं असणार. बघ, चौदा जणांनी माझ्या मेसेजला अंगठा वर केला. अशी तबकडी दोनदा कोण विकत घेणार, असंही एकाने लिहिलं.

ग्रुपवर नेरुळची मनाली तेवढी तुझ्या बाजूने किल्ला लढवते आहे. वय असेल पंचवीस, बोलणं गोड, पण हटत नाही. तिचं म्हणणं, जुन्या मिक्समध्ये बास गिटार पन्नास वर्षं गाडली गेली होती, ती वाजवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा न्याय मिळाला. मी लिहिलं, बँडने त्या काळी जे मंजूर केलं तेच खरं. ती म्हणते, बँडला त्या काळी स्टुडिओत एकच दिवस मिळाला होता. मग तिने विचारलं, "काका, सिंबल नेमके कुठून गायब आहेत? मला सापडत नाहीये." मी म्हटलं, सगळीकडून. त्यावर तिने प्रश्नचिन्ह टाकलं. नुसतं एक प्रश्नचिन्ह.

मला बसवत नाही. सकाळी केगावच्या किनाऱ्यावर चालून येतो, आलो की तबकडी लावतो, उठतो, वायर तपासतो, पुन्हा लावतो. आता मुंबईहून नवीन सुई मागवली आहे. जुनी झिजली असावी, कारण परवा माझी मूळ तबकडीही मला जरा मळकी वाटली. काकी वैतागली आहे. टीव्हीच्या आवाजावरून रोज तंटा. काल दूधवाला दाराबाहेर उभा राहून बेल वाजवत होता आणि मी बाहेरच्याच खोलीत होतो, यावरून तिने मला दुपारपर्यंत सोडलं नाही. बेलचं बटण बिघडलं आहे, दुसरं काय.

ग्रुपातल्या चौलच्या अजितने आठ डिसेंबरला त्याच्या वाडीत सगळ्यांना बोलावलं आहे. जुनी आणि नवी दोन्ही ऐकायच्या आणि वाद एकदाचा मिटवायचा. मी माझी तबकडी घेऊन जाणार आहे. तूही ये. समोरासमोर होऊन जाऊ दे.

काका


केगाव
९ डिसेंबर

दिपेश,

तू आला नाहीस ते बरं केलंस. चौलला विशेष काही झालं नाही. गाणी ऐकली, परत आलो.

असं लिहून पत्र बंद केलं होतं. पुन्हा उघडलं. मनाली तुला सांगेलच, त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

करंज्याहून बोटीने रेवसला गेलो. तबकडी टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली होती. अजितच्या सुपारीच्या वाडीत मंडळी जमली होती, पुढच्या आठवड्यात दत्ताची जत्रा म्हणून गावात धावपळ. पोरांनी मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला होता. अजितने ओटीवर मोठे स्पीकर मांडले आणि यंत्रापुढे चादर बांधली. म्हणाला, "कुठली तबकडी लावतोय ते कोणाला दिसणार न्हाय. आधी कान, मग तोंड."

सगळ्यांना पटलं. मलाच सगळ्यात जास्त पटलं.

त्याने तिसरं गाणं लावलं. मी डोळे मिटले. आवाज मोठा होता, पण वरचा भाग कुठे नव्हताच. छप्पर काढलेल्या घरासारखं गाणं. मी शेवटपर्यंत थांबलोसुद्धा नाही. हात वर केला आणि म्हणालो, "बंद कर. हीच ती. दिपेशची. सिंबलचा पत्ता नाही."

मला वाटलं, पटलं सगळ्यांना.

अजितने चादर बाजूला केली. फिरत होती ती माझी तबकडी. मधल्या लेबलवर पेनाने लिहिलेलं माझं नाव गरागरा फिरत होतं.

मनाली माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्या कानाजवळ वाकली आणि म्हणाली, "काका, आहेत की सिंबल. सुरुवातीपासून आहेत. दोन्हींत आहेत."

मी म्हणालो, सुई वेगळी आहे. मी म्हणालो, स्पीकर उघड्यावर लावले की वरचा आवाज उडून जातो. मी म्हणालो, बोटीवर खारा वारा लागला तबकडीला. अजित मान हलवत होता, त्याने एकदाही वाद घातला नाही. दर भेटीत माझ्याशी वाद घालणारा माणूस, दिपेश, आणि तो मान हलवत होता. ते मला सोसवेना. पोपटी उघडायच्या आधीच निघालो. जेवण होतच आलंय, थांबा, असं अजितची बायको हाताने खुणा करून सांगत होती. हाताने खुणा. तेव्हा ते मला खुपलं आणि बोटीत बसेपर्यंत का खुपलं ते कळलं नाही.

नवी सुई उद्या येईल. मग बघू.

काका


केगाव
२१ डिसेंबर

दिपेश,

नवी सुई आली. फरक पडला नाही.

त्या दिवशी दुपारी काकी भाकऱ्या उरकून बसली होती. मी म्हटलं, "जरा इकडे ये, हे ऐक." लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने माझं एक गाणं धड ऐकलेलं नाही. बोटीवरून आलो की मी तबकडी लावायचो आणि ती शेजारी निघून जायची. आता आली, पदराला हात पुसत खुर्चीत बसली. मी माझी जुनी तबकडी लावली, तिसरं गाणं. विचारलं, "ढोल वाजतोय, त्याच्या वर काही ऐकू येतं का?"

ती म्हणाली, "येतंय की. सुपात तांदूळ पाखडल्यागत. सारखं चाललंय, थांबतच न्हाय."

"आता?"

"आतापन."

"आता?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मग उठली, जवळ आली, आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाली, "आवो, तुमाला आयकू येत न्हाय. मला कवापासनं म्हाईत हाय. तुमी भांडता म्हनून बोलत न्हवते."

सुपाचा आवाज कसा असतो ते मला आठवतं. मी कान स्पीकरला लावला. काही नव्हतं. मग स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला, उभा राहिलो. शिटी उडताना दिसली.

पनवेलला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर बसलेली मुलगी काचेतून दिसत होती. सुरुवातीला मी भराभर दाबत होतो. मग ती नुसती बटणं फिरवत राहिली, माझ्याकडे बघत राहिली, आणि माझा अंगठा तसाच. मी लहान पोरासारखं दोनदा खोटंच दाबलं. तिने मान हलवली.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालच्या आवाजांना रेघ ठीक चालली आहे आणि मग धक्क्याच्या टोकावरून पाय घसरावा तशी खाली जाते. विचारलं, काय काम करत होतात? मी म्हटलं, जहाजावर इंजिन रूममध्ये. ते पुढे काही विचारेनात. कानावर घालायला दिलेले कप आम्ही काढून ठेवायचो, दिपेश. बेअरिंग बिघडतंय का ते कानानेच कळायचं, आणि माझा कान चांगला म्हणून मलाच बोलवायचे. गेलेलं परत येणार नाही म्हणाले. कानात यंत्रं लावली की माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल. सिंबलबद्दल मी विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नाही म्हणाले.

घरी आल्यावर काकीने वहिनीला बोलावून सगळं सांगितलं. वहिनी रडायला लागली. मला वाटलं माझ्या कानासाठी रडते. मग काकीने तिचं बोलणं मला लिहून दाखवलं.

तू त्या दिवशी फोनवर विचारलं होतंस, "काका, मी मुद्दाम काढले असं तुम्हाला वाटतं?"

आणि मी म्हणालो, "हो हो, अगदी."

दिपेश, मला वाटलं तू विचारतोयस, पार्सल मिळालं का. मी हल्ली असंच करतो. समोरच्याचा सूर प्रश्नाचा वाटला की हो म्हणतो. बाजारात, बँकेत, सगळीकडे. बहुतेक वेळा निभावतं.

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. मला असं कधीही वाटलं नव्हतं. मला वाटलं चूक झाली तुझ्याकडून. मुद्दाम, असं कधीच नाही.

काका


केगाव
३ जानेवारी २०२५

दिपेश,

तुझी चिठ्ठी नाही, पण तू वहिनीला फोन करून माझ्या यंत्रांचं विचारलंस हे कळलं. लावली आहेत. पाण्याचा नळ इतका मोठ्याने वाहतो हे मी विसरलो होतो. आणि काकी दिवसभर स्वतःशी बोलते, हे मला माहीतच नव्हतं.

ग्रुपवर काय लिहिलं ते इथे उतरवतो, कारण तू तिथे नाहीस.

"मित्रांनो, तिसऱ्या गाण्यातले सिंबल जुन्या तबकडीत आहेत आणि नव्यातही आहेत. मला उंच आवाज ऐकू येत नाहीत, तपासणी झाली आहे. दिपेश घरतने काहीही कापलेलं नाही. मी त्याच्यावर जाहीर आळ घेतला, तो जाहीर मागे घेतो. ज्यांनी माझा मेसेज जिथे जिथे पुढे पाठवला, त्यांनी हाही तिथे पाठवावा. केआर."

मला वाटलं वाद संपेल. एकाने लिहिलं, केआर काकांवर घरातून दबाव आहे. दुसरा म्हणाला, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, सिंबल नाहीतच. मनालीने त्याला विचारलं, तुमच्याकडे तबकडी आहे का? तो म्हणाला, ऑर्डर केली होती, केआर काकांचं वाचून रद्द केली. म्हणजे ऐकलंच नव्हतं! चौदा अंगठ्यांतल्या किती जणांनी ऐकलं असेल, हा विचार आता डोक्यातून जात नाही. ते माझ्या कानावर विसंबून होते.

अजितचं म्हणणं मात्र वेगळं आहे. सिंबल असोत नसोत, त्याला नवं पसंत नाही. म्हणतो, खरखर होती तीच शहात्तर सालची हवा. त्याने आणि मनालीने यावर काल दिवसभर रान उठवलं. अजितने मलाही मधे ओढलं, "केआर, तू बहिरा झालास, मुका न्हाय झालास, बोल." त्या मान हलवण्यापेक्षा हे मला फार बरं वाटलं.

कंपनीला फोन केला. म्हणजे काकीने केला, कारण फोनवर मला अजून जमत नाही. मी शेजारी बसून काय बोलायचं ते सांगत होतो, तिने माझं एकही वाक्य वापरलं नाही. तिने सांगितलं, "माझा नवरा बहिरा हाय, तुमच्या गान्यात खोट न्हाय. पोराचं काम पोराला परत द्या." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. थांबवलेल्या तबकड्या छापणार आहेत, कव्हरवर तुझं नाव राहणार आहे. दुसरा अल्बम मात्र दुसऱ्याला देऊन झाला, करार झाला, तो आता फिरवता येणार नाही.

मी त्याला लेखी पत्रही पाठवलं. त्याचं उत्तर तेच आलं.

तो अल्बम तुझा होता. मी काय केलं तरी तो आता तुझ्याकडे येत नाही. यावर काय लिहायचं ते मला सुचत नाही म्हणून कालपासून हे पत्र अर्धं पडलं होतं. अजूनही सुचलेलं नाही. तसंच पाठवतो.

काका


केगाव
१६ फेब्रुवारी

दिपेश,

पाकीट मिळालं. आत पेन ड्राइव्ह आणि तुझी ओळ, "काका, यंत्रं काढून ऐका. तिसरं गाणं तुमच्यापुरतं केलंय."

मी काकीला न सांगता बसलो. यंत्रं काढली, सगळं घर लांब गेलं. गाणं सुरू झालं, गिटार आली, ढोल आला. आणि त्याच्या वर, म्हणजे वर नाही, मधेच कुठेतरी, एक आवाज सुरू झाला. चिक चिक चिक. सिंबल नव्हता तो. लाकडी दारावर नखाने वाजवावं तसा काहीतरी. पण ठेका तोच. दुसऱ्या कडव्याआधी ड्रमर अर्धा ठोका मागे राहतो आणि पळत येऊन गाठतो, ते जसंच्या तसं आलं. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं होतं ते माझ्यासाठी मेलं.

मग यंत्रं लावून काकीला हाक मारली आणि विचारलं, हे दिपेशने कसं केलं असेल? तिने तुला फोन लावला. तू तिला सांगितलंस ते तिने मला सांगितलं. सिंबलचा आवाज खाली उतरवून जिथे माझी रेघ अजून शाबूत आहे तिथे आणून ठेवलास म्हणे. माझा आलेख वहिनीकडून मागवून घेतलास. एका माणसासाठी रीमिक्स. ग्रुपवर सांगितलं तर अजित वाडी विकून काशीला जाईल.

तू तिच्याशी बराच वेळ बोललास. मधे मला फोन दिला तेव्हा मला फक्त "काका" एवढं नीट ऐकू आलं. मी हो म्हणालो नाही. "परत सांग" म्हणालो. तू परत सांगितलंस, तेही नाही कळलं. तिसऱ्यांदा कळलं. तू विचारत होतास, "जेवलात का?"

आता कामाचं. ऐकून लगेच लिहितोय, राग मानू नकोस. शेवटच्या भागात गिटार चढते तेव्हा तुझी ती चिक चिक पुन्हा बुडते. तिथे ढोल थोडा मागे घेतलास तर चालेल. आणि आवाज जरा कोरडा आहे, सिंबल वाजल्यावर थोडा वेळ रेंगाळतो, तसा रेंगाळू दे. हे पत्राने होणार नाही. तू लॅपटॉप घेऊन ये, मी समोर बसतो, तू सरकव आणि मी सांगतो.

काकीला पसंत नाही हे आधीच सांगतो. मी तिला जुनं आणि हे, दोन्ही ऐकवलं. ती म्हणाली, "पयलंच बरं हाय. एकदा केलेल्या गान्याला कशाला हात लावायचा?" मी तिला अर्धा तास समजावलं की मूळ टेप तीच आहे, नुसती मांडणी बदलली, आणि ऐकणारा बदलला की मांडणी बदलावी लागते. ती तांदूळ निवडत बसली. नवं ऐकायला तयारच नाही. हट्टी बाई आहे.

रविवारी ये. तिला समजावणं माझ्या एकट्याच्याने होणार नाही.

काका